गिटार निर्दोष, कान दोषी

धाकट्याने आपली गिटार वहिनींना देऊन टाकली, तेव्हा घरात कुणाचाच त्यावर विश्वास बसेना. या माणसाने गिटारपायी लग्न लांबवलं होतं, आणि मग लग्नच इतकं लांब गेलं की परत दिसलं नाही. असा माणूस एका संध्याकाळी गिटारीची पेटी घेऊन भावाच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, मला कंटाळा आला, वहिनी, आता तुम्हीच वाजवा. काहीतरी बिनसलंय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. थोरल्याला, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याला, एवढंच कळलं की पेटीसाठी कपाटावर जागा करावी लागणार.

वहिनींना आपणही वहिनीच म्हणू. धाकट्याचं ऐकून आधी शेजारीपाजारी म्हणू लागले, मग इस्पितळातले डॉक्टर, आणि आता त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी निघायचं. पन्नाशी जवळ आल्यावर त्या धाकट्याकडे गिटार शिकायला लागल्या, तेव्हा थोरला म्हणाला होता की चार दिवसांचं खूळ आहे. त्या खुळाला आता बरीच वर्षं झाली होती, आणि बोटं बऱ्यापैकी वळायला लागली होती.

गिटार मोठी देखणी. गडद लाल, कडेने पांढरी रेघ. अर्धी पोकळ म्हणतात तसल्या जातीची. मधोमध भरीव ठोकळा, दोन्ही बाजूंना पोकळ कप्पे, आणि कप्प्यांवर व्हायोलिनला असतात तशी दोन वळणदार भोकं. थोरल्याच्या मते हे प्रकरण धड ना हे, धड ना ते. वहिनींना मात्र तेच सोयीचं होतं. भरीव विजेची गिटार वायर लावल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि साधी पोकळ गिटार सगळ्या मजल्याला ऐकवते. ही दार लोटून मांडीवर घेतली की फक्त वाजवणाऱ्याशी बोलायची. इस्पितळातून आल्यावर अर्धा-पाऊण तास वहिनी वायर न लावता तिच्याशी बोलत बसत, आणि दिवसभराचा शीण उतरायचा.

शीण कानांचा. वहिनी इस्पितळात टंकलेखनाला होत्या. डॉक्टर रोगी तपासून झाला की यंत्रात पुटपुटत, आणि वहिनी हेडफोन लावून त्या पुटपुटण्याचा स्वच्छ मजकूर करत. हाडांचे डॉक्टर तर घास चावत चावत बोलत. बाकीच्या बायका तीन-तीनदा मागे जाऊन ऐकत. वहिनींना एकदाच पुरे व्हायचं. कानांवरच त्यांचं पोट होतं, आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता.

तर अशा या कानांना एक दिवस भणभण ऐकू आली. मधल्या एका तारेवर, एका ठरावीक सुराला. बाकी सूर लख्ख, आणि हा एक आला की त्याच्या मागे बारीक भणभण, बाटलीत माशी अडकल्यासारखी. खरं तर ही गिटार घरी आली त्या दिवसापासून ती होती, पण सुरुवातीचे महिने वहिनींनी तिला न सरावलेल्या आपल्या बोटांना दोष दिला. बोटं सरावली तरी भणभण जाईना, तेव्हा त्यांना धाकट्याचा नियम आठवला. धाकटा या बाबतीत घरचा सर्वोच्च न्यायाधीश. त्याचं म्हणणं असं, की गिटारीत खोट वाटली तर वायर लावून बघायचं. स्पीकरमधून स्वच्छ आली, तर गिटार निर्दोष.

दर शनिवारी वहिनी क्ष-किरण विभागातल्या तिघांबरोबर इस्पितळाच्या मागच्या एका रिकाम्या खोलीत वाजवत. त्या शनिवारी त्यांनी वायर लावली आणि तोच सूर दहा वेळा घोळवला. स्पीकरमधून सूर आला तो आरशासारखा. तिघांपैकी कुणाच्या कपाळावर आठी नाही. घरी येऊन वायरीशिवाय वाजवला, तर भणभण हजर. म्हणजे गिटार निर्दोष. मग दोषी कोण? खोलीत दुसरं होतं कोण!

इतकी वर्षं हेडफोन लावून बसल्याचं हे फळ, असं वहिनींनी ठरवूनच टाकलं. बहिरेपण म्हणजे काय हे सांगायला त्यांना कुणी नको होतं. ते पलीकडच्याच खोलीत राहत होतं. सासूबाईंना पन्नाशीतच कमी ऐकू यायला लागलं आणि साठीत जवळजवळ काहीच येईनासं झालं. त्यांना दिलेलं कानाचं यंत्र टेबलाच्या खणात असायचं, कारण त्यांच्या मते ते घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त बडबड करायचं. समोर बसून बोललं की त्या ओठांवरून सगळं ओळखायच्या. पण पाठमोऱ्या माणसाचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नसे, आणि घरातली माणसं पाठमोरीच फार बोलतात.

आता वाचणाऱ्याला वाटेल, की कुणाला तरी बोलावून 'तुला ऐकू येतंय का' एवढं विचारायला काय झालं होतं. पण विचारायचं, आणि समोरच्याने 'नाही बुवा' म्हणायचं, की विषय संपला. न विचारता निदान आशेला जागा होती. वहिनींनी झाकली मूठ तशीच ठेवली. इस्पितळातल्या कानाच्या विभागात गुपचूप तपासून मात्र घेतलं. तिथल्या बाईने सांगितलं की कान उत्तम आहेत, तर वहिनींच्या मनात पाल चुकचुकली, की यांच्या यंत्रात तो एक सूर थोडाच असणार. भीती एकदा घरात शिरली की तिला पुरावा लागत नाही.

त्यात त्यांच्या हातून उजव्या गुडघ्याच्या जागी डावा गुडघा टंकला गेला. हाडांच्या डॉक्टरांनी चूक वेळीच पकडली आणि हसून सोडून दिली. वहिनींना ती ध्वनिफीत परत ऐकायचा धीर झाला नाही. त्यांनी मनाशी ठरवलं, की सोमवारी साहेबांना सांगून तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत बदली मागायची. उद्या कुणाचा भलताच गुडघा कापला गेला म्हणजे? आणि गिटार ज्याची त्याला परत करायची.

रविवारी दुपारी थोरला वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपला होता. वहिनींनी शेवटची म्हणून गिटार मांडीवर घेतली. त्या रडत नव्हत्या, पण फार वेळ तसं राहिलं नसतं. तेवढ्यात सासूबाई विणकाम घेऊन आत आल्या, शेजारी बसल्या आणि काही न विचारता गिटारीच्या लाल अंगावर त्यांनी तळवा टेकवला. ही त्यांची जुनी रीत होती. धाकटा कॉलेजात असताना खरोखर सराव करतोय की नुसता गिटार धरून बसलाय, हे त्या असंच तपासायच्या. वहिनींनी ओळखीची एक धून वाजवली, आणि तो सूर आला.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "तेच परत वाजव."

वहिनींनी वाजवलं.

"इथे आत काहीतरी फडफडतंय गं. बाकी सगळं हाताला सरळ लागतं, हे एकच फडफडतं."

वहिनींनी वाजवणं थांबवलं. त्यांनी सासूबाईंकडे तोंड करून, शब्द सुटे सुटे करत विचारलं, की नक्की का. सासूबाईंनी अशा नजरेने पाहिलं, की जणू त्यांना त्यांच्याच मुलांची संख्या विचारली होती. "बहिरी झालेय मी, माझा हात नाही झाला बहिरा," त्या म्हणाल्या.

वहिनींनी विणकामाची सुई उचलली आणि वळणदार भोकातून आत घालून चाचपडायला सुरुवात केली. आत बटणांकडे जाणाऱ्या वायरी होत्या. त्यातली एक गरजेपेक्षा लांब, ढिली पडून लाकडाला टेकलेली. सुईने ती दाबली, सुई तशीच सासूबाईंना धरायला दिली आणि सूर वाजवला. लख्ख. सुई काढली. भणभण. परत दाबली. लख्ख. विजेच्या गिटारीतले चुंबक फक्त तारांचं ऐकतात, लाकडात काय फडफडतं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, म्हणून स्पीकर बिचारा काही बोलला नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आपण!

वहिनींनी सासूबाईंना मिठी मारली आणि मग मात्र मनसोक्त रडून घेतलं. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसं त्यांना झालं. कान शाबूत होते. नोकरी शाबूत होती. सासूबाई त्यांच्या पाठीवर थोपटत राहिल्या आणि एवढ्याशा वायरीचं एवढं काय, असं त्यांच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारत राहिल्या, इतक्या मोठ्याने की थोरल्याच्या तोंडावरचं वर्तमानपत्र खाली पडलं. (पुढे सोमवारी वहिनींनी ती ध्वनिफीतही ऐकली. डॉक्टरच घास गिळत 'डावा' म्हणाले होते.)

ही गंमत धाकट्याला कधी एकदा सांगते असं वहिनींना झालं. तसा तो संध्याकाळी येणारच होता. गेलं वर्षभर तो रोज येऊन आईसमोर तास-दीड तास बसायचा, आणि उतारवयात का होईना मुलाला आईची ओढ लागली म्हणून सगळे त्याचं कौतुक करायचे. पण संध्याकाळपर्यंत वहिनींच्याने राहवेना. पेटी उचलून त्या दोन गल्ल्या ओलांडून त्याच्या घरी गेल्या आणि दारातच सगळं तिखटमीठ लावून सांगायला लागल्या. कान गेले म्हणून कशी घाबरले, बदली मागायला कशी निघाले. मग गिटार काढून तो सूर वाजवून दाखवला.

धाकटा हसला नाही. तो हळूच खुर्चीवर टेकला.

"वहिनी," तो म्हणाला, "ही भणभण तुम्हाला ऐकू येते?"

वहिनींनी गिटार खाली ठेवली. त्याचा चेहरा पाहून त्यांना सगळं एकदम कळलं, आणि आपण खिदळत आलो याची लाज वाटली. त्यांनी मान हलवली. येते, भावजी, चांगली येते, त्या म्हणाल्या. आणि आईंच्या हाताला लागते.

मग त्याने सांगितलं. गिटार द्यायच्या थोडं आधी त्याने आतल्या वायरी स्वतःच बदलल्या होत्या, आणि एक वायर पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून लांब ठेवली होती. भणभण सुरू झाली, तेव्हा न्यायाधीशाने आपलाच नियम लावला. वायर लावून वाजवली, स्वच्छ आली, गिटार निर्दोष. आईला पन्नाशीतच ऐकू येईनासं झालं होतं आणि तो पन्नाशीला टेकला होता. आईचं आपल्याकडे आलं, असं त्याने धरून टाकलं. डॉक्टरकडे गेला नाही, कुणाला बोलला नाही. रोज तो एक सूर वाजवायचा आणि रोज आतून खचायचा. शेवटी गिटार डोळ्यांसमोर नको म्हणून ती वहिनींना दिली.

"आणि आईसमोर येऊन बसायचो ना," तो खाली बघत म्हणाला, "ते ओठ वाचायला शिकत होतो. पुढे लागणार म्हणून."

मग धाकट्यालाच आधी हसू फुटलं, ते थांबेना, आणि हसता हसता त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. स्वतः ठेवलेल्या वितीएवढ्या वायरीपायी तो वर्षभर जिवंतपणी स्वतःचं सुतक पाळत होता. त्याने वायर दोऱ्याने बांधून भोकातून बाहेर ओढली, जास्तीचा तुकडा कापला, टोकं जोडून ती परत आत सारली, आणि सूर वाजवला. मग पुन्हा वाजवला. वहिनी त्याला थांबवायला गेल्या नाहीत.

संध्याकाळी दोघं मिळूनच घरी आले. धाकट्याने आईसमोर बसून सगळी हकिगत सांगितली, काहीही न लपवता. सासूबाई त्याच्या ओठांकडे बघत होत्या. वहिनींना वाटलं होतं, त्या हसतील, नाहीतर देवाचे आभार मानतील. त्यांनी हातातलं विणकाम मांडीवर ठेवलं.

"म्हणजे तू माझ्यासाठी येत नव्हतास," त्या म्हणाल्या. रागावून नाही, आपली एक गोष्ट समजली म्हणून. "बरं झालं बाबा, कान धड आहेत तुझे. आता काही यायला नको तुला."

आणि इतकी वर्षं कुणाच्या बोलण्याला न हरलेली ती बाई मांडीवरच्या विणकामाचे टाके उगाच मोजायला लागली. तिने मान खाली घातली म्हणजे तिच्याशी बोलायचा रस्ताच बंद. धाकटा उठला, तिच्या पायांशी खाली जमिनीवर बसला, आणि तिची हनुवटी धरून त्याने तोंड वर केलं. मग तो बोलू लागला. आवाज नाही, नुसते ओठ. बराच वेळ बोलला. सासूबाईंचे डोळे त्याच्या तोंडावरून हलले नाहीत. मध्ये एकदा त्यांनी नाही म्हणून मान हलवली, मग हो म्हणून, आणि शेवटी त्यांनी त्याच्या खांद्यावर एक चापट मारली आणि खळखळून हसल्या.

वहिनी बाजूला उभ्या राहून कान टवकारून होत्या, पण त्यांच्या हाती एक अक्षर लागलं नाही. काय म्हणाले भावजी, असं त्यांनी विचारलं.

"नाही आलं ऐकू?" सासूबाई म्हणाल्या. "कान तपासून घे एकदा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, शिकायचं काहीच उरलेलं नसताना, धाकटा नेहमीच्या वेळेला आला आणि आईसमोर जाऊन बसला.