मधली जागा

आशानं विमानाची तिकिटं काढली तेव्हा खिडकीची एक आणि तिच्या शेजारची एक, अशा दोन जागा आधीच निवडून ठेवल्या. दिल्लीच्या एका सरकारी दवाखान्यात ती नर्स होती. ड्यूटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत, बाकावर बसून तिनं हे केलं. मोबाईलवर त्या दोन चौकोनांचा रंग बदलला आणि तिला वाटलं, झालं, आता बानू आपल्याकडं आली.

बानू तिची मुलगी, चार वर्षांची. ती मुकुंदवाडीला आजी-आजोबांजवळ वाढत होती. तिचा बाप बिरू टेम्पो चालवायचा. जालना रोडवर अपघातात तो गेला तेव्हा बानू अजून रांगतही नव्हती. पुढं काही महिन्यांनी आशाला दिल्लीची नोकरी लागली. नोकरी पक्की होती, पण राहायला होस्टेल, आणि होस्टेलात लेकरू चालत नव्हतं. सासू म्हाळसाबाई म्हणाल्या, तू जा, मी हाय. आशा गेली. वर्षातून दोनदा यायची. पहिले काही दिवस बानू आजीच्या पदराआडून तिला बघत राहायची. मग हळूहळू जवळ यायची, बांगड्यांशी खेळायची, एखाद्या दुपारी मांडीवर झोपायची, आणि तोवर आशाची रजा संपलेली असायची. म्हाळसाबाईंना ती आई म्हणायची आणि आशाला मम्मी. तसं कुणी शिकवलं नव्हतं.

आता आशाला क्वार्टर मिळालं होतं. एक खोली, स्वयंपाकघर, पुढं छोटी गॅलरी. आवारातच पाळणाघर होतं. भांडीकुंडी, गादी, मुलीसाठी लाल खुर्ची, सगळं तिनं एक-एक करून आणलं. पण ती ज्याची वाट बघत होती ते घर नव्हतंच, तो विमानातला प्रवास होता. तिथं बानूला उठून जायला दुसरी जागा नसणार. ती खिडकीतून बघेल, काहीतरी विचारेल, आपण सांगू. मग दमून खांद्यावर झोपेल. बसमधून कामावर जाताना आशा मनातल्या मनात उत्तरं तयार ठेवायची. ढग कापसासारखे दिसतात पण हाताला लागत नाहीत. खाली दिसते ती नदी. ते शेत.

ती मुकुंदवाडीला पोचली तेव्हा म्हाळसाबाईंनी बानूचे कपडे धुऊन, घड्या घालून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी आशा मुलीला घेऊन औरंगपुऱ्याच्या बाजारात गेली, पांढरे बूट आणि पिवळा फ्रॉक घेतला. बानू खुश होती. दुकानदाराला तिनं सांगितलं की मी इमानात जाणार हाय. पण घरी आल्यावर तिच्या कानावर आलं की आई येणार नाही, फक्त मम्मी येणार. रात्री ती जेवली नाही. सकाळी दूध घेतलं नाही, आणि दुपारी अंग कोमट लागायला लागलं. आशानं तपासलं. ताप नव्हता म्हणण्यासारखा. तरी पोरगी भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

सासरे केरबा चार मेंढरं आणि थोड्या शेळ्या घेऊन चिकलठाण्याच्या माळावर जायचे. संध्याकाळी आले, पोरीकडं बघितलं, आणि बायकोला म्हणाले की तू जा संगं, तिकडं तिचा जीव रमला की ये. माझ्या भाकरीचं मी बघतो. म्हाळसाबाईंनी आशाकडं बघितलं. आशा हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती. तिसरं तिकीट मिळालं, त्याच विमानाचं, पण जागा पार मागं, शेवटून दुसऱ्या ओळीत.

विमानतळावर काउंटरच्या मुलीला आशानं विचारलं, तिघींना एकत्र बसता येईल का. मुलगी म्हणाली, विमान भरलेलं आहे, लहान मूल आईजवळच आहे ना, मग अडचण नाही. आजींसाठी आत गेल्यावर कुणाला विनंती करून बघा. आशानं पुन्हा विचारलं नाही. काउंटरवरून वळताना तिला जरा हलकं वाटलं होतं, आणि ते हलकं वाटणं तिला आवडलं नाही. म्हाळसाबाई बाजूला उभ्या होत्या, नेसूचं लुगडं नवं, हातात भाकरीची पिशवी. जागा कुठं आहे हे त्यांनी विचारलंच नाही. सगळ्या एका गाडीत बसणार एवढंच त्यांना ठाऊक होतं.

पायऱ्या चढून आत गेल्यावर बानू दारातच थबकली. दोन्हीकडच्या खुर्च्यांच्या रांगा, वरचे कप्पे, दिवे, तिनं सगळं नीट बघितलं. मग आशाला विचारलं, "तुझी चूल कुठंय?"

आशाला कळलं नाही. मागून लोक येत होते. तिनं मुलीला उचलून खिडकीशी बसवलं, पट्टा लावला.

"तू झोपती कुठं?" बानूनं विचारलं.

"कुठं म्हणजे?"

"हितं. तुझ्या घरात."

आशा उत्तर द्यायला वाकली, तेवढ्यात म्हाळसाबाई मागच्या लोकांच्या रेट्यानं पुढं सरकल्या. हवाई सुंदरीनं त्यांच्या हातातला कागद बघून मागं बोट दाखवलं, आणि त्या निमूट चालायला लागल्या. बानूनं खुर्चीवर उभं राहायचा प्रयत्न केला, पट्ट्यानं तिला धरलं. तिला फक्त म्हाळसाबाईंची पाठ दिसली, माणसांत मिसळत गेलेली. मग ती ओरडली. रडणं नव्हतं ते. काहीतरी हातातून सुटून चाललंय तसा आवाज होता. आई, आई, असं ती ओरडत राहिली आणि पट्टा ओढत राहिली. आशानं जवळ घ्यायला हात पुढं केले तर तिनं ते दोन्ही हातांनी लोटले.

पुढच्या-मागच्या ओळींतले लोक वळून बघायला लागले. हवाई सुंदरी धावत आली. वाकून, गोड आवाजात तिनं हिंदीत विचारलं, "बेटा, मम्मी कहाँ है?"

बानूनं मागं बोट दाखवलं. "आई तिकडं गेली."

हवाई सुंदरीनं सरळ होऊन मागच्या ओळींवर नजर फिरवली, कुणा तरुण बाईला शोधत.

"मैं हूँ," आशा म्हणाली. "मम्मी मैं हूँ." तिचा आवाज तिला स्वतःलाच नीट ऐकू आला नाही. तिनं तेच पुन्हा एकदा सांगितलं.

तिच्या पलीकडं, चालायच्या वाटेकडच्या जागेवर, शहागंजातले एक कापडाचे व्यापारी बसले होते. बद्रीनाथ म्हणून. साठीच्या पुढचे, गुडघ्याला पट्टा बांधलेला, पाय लांब करता यावा म्हणून मुद्दाम कडेची जागा घेतलेली. इतका वेळ ते समोर बघत होते. आता त्यांनी कमरेचा पट्टा सोडला आणि म्हणाले की आजीबाईंना इथं बोलवा, मी जातो त्यांच्या जागेवर. ती जागा दोघांच्या मधली आहे, पाय दुमडून बसावं लागेल, हे आशानं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या हो. लेकराचं मन आधी." आणि खुर्च्यांचा आधार घेत घेत ते मागं गेले.

म्हाळसाबाई आल्या. बानूनं दोन्ही हात वर केले. म्हाळसाबाईंना कडेच्या जागेवर बसायचं होतं, पण तिथून बानूपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता, आणि पोरगी आशाच्या मांडीवरून पलीकडं जायला धडपडत होती. विमान हलायची वेळ झाली होती. हवाई सुंदरी घाई करत होती. आशा उठली, वाटेत उभी राहिली. म्हाळसाबाई आत सरकल्या आणि मधल्या जागेवर बसल्या. आशा कडेला बसली.

विमान धावलं, उठलं. म्हाळसाबाईंनी डोळे मिटून घेतले आणि खंडोबाचं नाव घेतलं. बानूचं डोकं त्यांच्या पदरात होतं. तिला आजीच्या हाताखालून खिडकी दिसत होती, आणि आशाला त्या दोघींच्या वरून आभाळाचा एक तुकडा. ढग आले, गेले. बानूनं विचारलं, हे काय. म्हाळसाबाईंनी सांगितलं, धुकं हाय.

बऱ्याच वेळानं पोरगी शांत झाली, बूट काढून पाय वर घेऊन बसली. तेव्हा म्हाळसाबाई हळू आवाजात बोलायला लागल्या. मुकुंदवाडीवरून विमानं खाली उतरत जातात, पत्र्यांना हादरा बसतो. बानू लहान असताना दिवसभर दाराकडं बघून रडायची. मम्मी कुठं गेली म्हणायची. एकदा वरून विमान चाललं होतं, तर त्यांनी बोट दाखवून सांगितलं की ती बघ, मम्मी त्यात हाय. पोरगी रडायची थांबली. दुसऱ्या दिवशी तेच. मग विमान आलं की ती अंगणात पळत जायची, हात हलवायची.

"तिला वाटतंय तू हितंच राहती," म्हाळसाबाई म्हणाल्या. "तुझ्याजवळ तिला हितं ठिवून मी खाली उतरणार, असं वाटलं तिला. माझीच चूक हाय. पर मला दुसरं काय सुचलं नाय त्या टायमाला."

दर वेळी दिल्लीला जाताना विमान वर चढलं की आशा काचेला डोकं लावून मुकुंदवाडीची घरं शोधायची, पण तिला ती कधी ओळखता आली नव्हती. सगळे पत्रे सारखेच दिसायचे. त्याच वेळी खाली अंगणात कुणीतरी हात हलवत असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

थोड्या वेळानं ती सासूला म्हणाली, "मामी, आता शांत झाली ती. मी बसू का मधी?"

बानूच्या केसांवरून म्हाळसाबाईंचा हात फिरत राहिला.

"एवढा येळ मला बसू दे, पोरी," त्या म्हणाल्या. "खाली उतरली की ती तुझीच हाय. मंग मी काय मधी येत नाय."

आशाला ठाऊक होतं की आपण आग्रह धरला तर त्या उठतील. सुनेचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. बिरू गेल्यावर त्यांनी तिला एकदाही इथंच राहा म्हटलं नव्हतं, की जाऊ नको म्हटलं नव्हतं. आणि मुलीसाठी महिनोन् महिने तळमळत असताना, या बाईचं घर रिकामं होणार आहे याचा विचार तिनं दोन जागा निवडताना केला नव्हता, लाल खुर्ची आणतानाही नाही.

"बसा," ती म्हणाली.

म्हाळसाबाईंनी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी लावलेली भाकरी काढली. बानूला घास दिला. बानूनं खाल्लं, दुसरा घास हातात घेतला, मग आजीच्या पोटावरून हात लांब करून म्हणाली, "मम्मीला." हात अर्ध्यावरच थांबला, पोचेना. म्हाळसाबाईंनी तो घास घेऊन आशाला दिला. असं चालत राहिलं. एक घास बानूला, एक मम्मीला. आशानं सगळे खाल्ले. चटणी तिखट होती, आणि डोळ्यांत पाणी यायला तेवढं कारण पुरलं.

दिल्लीला उतरून पट्टा सोडला तेव्हा बानूनं आजीला विचारलं, "मम्मी बी उतरती?"

"उतरती की."

"मंग इमानात कोण राहतंय?"

"कुणीच नाय राहत. समदे घरी जातेत."

बानूनं यावर विचार केला. दारापाशी मागून बद्रीनाथ लंगडत आले. आशानं त्यांचे आभार मानले, म्हाळसाबाईंनी हात जोडले. ते पोरीच्या डोक्यावर हात ठेवून पुढं गेले.

म्हाळसाबाई दिल्लीत राहिल्या ते बोलल्याप्रमाणं राहिल्या. बानूला जेवायला त्यांनी घातलं नाही. ती मागायला आली की म्हणायच्या, मम्मीला सांग. अंघोळीला, वेणीला, झोपायला, मम्मीला सांग. स्वतः गॅलरीत बसून राहायच्या, खालच्या झाडांकडं बघत. सुरुवातीला बानू चिडायची, रुसून गॅलरीत जाऊन त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायची. मग ती आशाकडं जायला लागली. वेणी घट्ट झाली तर कुरकुर करायला लागली. पाळणाघरातली एक मुलगी तिला आवडली. एके दिवशी आशा ड्यूटीवरून आली तर बानू दारात उभी होती, आणि एवढा उशीर का केला म्हणून तिला रागवली. गॅलरीतून म्हाळसाबाईंनी ते ऐकलं. संध्याकाळी त्यांनी आशाला परतीचं तिकीट काढायला सांगितलं, रेल्वेचं. विमान नको म्हणाल्या.

स्टेशनवर त्यांनी बानूला खोटं काही सांगितलं नाही. मी शेळ्यांकडं जाते, आबा एकटे हायेत, तू हितं मम्मीजवळ राह्यची, एवढं सांगितलं. बानू रडली. आशानं तिला कडेवर घेतलं होतं, आणि या वेळी तिनं हात लोटले नाहीत. आशाच्या गळ्यात तोंड खुपसून ती रडली. गाडी सुटताना म्हाळसाबाई खिडकीशी नव्हत्या. पलीकडच्या बाकावर, पाठ करून बसल्या होत्या.

काही दिवसांनी, सुट्टीच्या दुपारी, आशानं मुकुंदवाडीला फोन लावला. बानूला बोलायचं होतं. फोन केरबांनी उचलला. म्हाळसाबाई घरी नव्हत्या. शेळ्या घेऊन माळावर गेल्या होत्या, सकाळीच. आशाला नवल वाटलं. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हापासून सासूला शेळ्यांमागं जाताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"आता तीच जाती रोज," केरबा म्हणाले. "म्या घरी ऱ्हातो. ती काय घरात थांबत नाय."

मग ते म्हणाले, पोरीला दे. आशानं फोन बानूच्या कानाला लावला, आणि ती पाळणाघरातल्या त्या मुलीबद्दल आबांना सांगायला लागली.