मंजूर झालेली दहा वाक्यं

"खरं सांग हं, कशी दिसते मी?"

ताईचा हा आवाज एकोणतीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा ताई सतराची, धाकटी नऊची. केशरी, कोरा, बिनबाह्यांचा ड्रेस घालून ताईनं दारातच एक गिरकी घेतली. पलंगावर पाय हलवत बसलेली धाकटी म्हणाली, "तुझे खांदे हमालासारखे दिसतात." ताई हसली. हसत हसतच तिनं वरून स्वेटर चढवला. मग उन्हाळे आले, उन्हाळे गेले. ताईला संसार झाला, पोरं झाली, पण तिची बाही कोपराच्या वर कधी सरकली नाही. धाकटी हे सारं बघत राहिली, तोंडात मिठाची गुळणी धरून.

ही धाकटी पुढे आरसे घडवू लागली. काच नव्हे, कपड्यांच्या दुकानातल्या बोलक्या आरशानं गिऱ्हाइकाला काय म्हणावं, कधी गप्प बसावं, हे ठरवणं तिचं काम. आरसा अजून बोलायला शिकायचा होता. पण या कामाची रीतच अशी, की यंत्र बांधण्याआधी माणसानं यंत्राचं सोंग घ्यायचं आणि लोक त्याच्याशी कसे वागतात ते बघायचं. म्हणून कपडे बदलायच्या खोल्यांबाहेर, मोकळ्या दालनात एक उंच काच उभी केली होती. पुढून आरसा, मागून खिडकी. मागे प्लायवूडच्या आडोशाला धाकटी माइक धरून बसे. तिचा आवाज तारेतून जाता जाता बदले आणि ना बाईचा ना बुवाचा होऊन बाहेर पडे. समोर कागदावर दहा वाक्यं, दुकानाच्या मॅनेजरनं मंजूर केलेली. त्यांत 'नको' हा शब्द नव्हता.

चाचणीच्या यादीत ताईनं आपणहून नाव घातलं होतं. वीस वर्षं औषधाच्या दुकानात काढल्यावर तिला हॉस्पिटलच्या औषध विभागाच्या प्रमुखपदासाठी मुलाखतीला बोलावलं होतं; नवा कपडा हवाच होता. बहिणीचा आरसा बोलतो, एवढंच तिला ठाऊक. आत कोण बसलंय हे गिऱ्हाइकाला शेवटपर्यंत सांगायचं नाही, हा नियम.

"नमस्कार. आज कशासाठी कपडे बघताय?" आरसा म्हणाला.

"अगंबाई, खरंच बोलतो की हा मेला!" ताईनं मान वाकडी करून काचेकडे पाहिलं. थेट धाकटीच्या डोळ्यांत, पण तिला दिसला तो आपलाच चेहरा.

दोन लांब बाह्यांचे ड्रेस झाले. तिसरा कपडा गिऱ्हाइकानं न मागितलेला द्यायचा, असं चाचणीत ठरलेलं. तो गर्द निळा होता, बिनबाह्यांचा. ताई तो घालून आली ती दोन्ही दंड हातांनी झाकून, थंडीत उभं राहावं तशी.

"एक विचारू? तू आपला मशीन. तुला माझ्या रागालोभाशी काय करायचंय? माझे खांदे हमालासारखे आहेत ना? माझी धाकटी म्हणाली होती. एवढीशी होती. आणि लहान पोरं खोटं बोलत नाहीत."

धाकटीच्या हातातला माइक गरम झाला होता. शेजारी मॅनेजर कुजबुजला, "बोला की आरसेबाई! सात नंबर."

"हा रंग तुम्हाला खुलून दिसतो."

"रंगाचं कुठं विचारलं मी?"

"नऊ म्हणा, नऊ!"

"हे जणू तुमच्यासाठीच शिवलंय."

"हं. म्हणजे तूही शेवटी दुकानाचाच." ताईनं खुर्चीवरचं जाकीट उचललं.

धाकटीनं कागद उलटा केला. "तुमचे खांदे सुंदर आहेत," आरसा म्हणाला. हे वाक्य कुणी मंजूर केलेलं नव्हतं.

ताई थबकली, मग मायेनं हसली. "शिकवून ठेवलंय होय तुला? वेडी आहे माझी बहीण. आता माझं मन राखते, यंत्राकरवी." एक हात जाकिटात गेला.

धाकटीला कळलं, की आरशाला हजार वाक्यं शिकवली तरी हे एक त्याच्या तोंडून खरं ठरणार नाही. ती उठली.

"अहो, कुठं निघालात? चाचणी वाया जाईल!" मॅनेजरनं तिची वाट अडवली. ती त्याला वळसा घालून गेली. प्लायवूड हललं, काच थरथरली, आणि काचेतली ताई क्षणभर पाण्यातल्यासारखी डोलली.

"तू? तू इथं काय करतेस गं?" ताईनं आरशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हणजे मघापासून..."

"ताई, आधी ऐक. ते मी खोटं बोलले होते. तू इतकी सुंदर दिसत होतीस, की मला बघवेना."