तळघरात न झालेलं जेवण

आर्डिसचं पत्र एप्रिलात आलं होतं, आणि डिसेंबर उजाडला तरी ऑरविलने त्याला उत्तर दिलं नव्हतं. धाकट्या बहिणीचं पत्र, तेही तिचा नवरा साथीत गेल्यावरचं. मजकूर जेमतेम चार ओळींचा. ‘नॉर्मनला पुरताना पाद्री आणि मी, दोघंच होतो. दफनानंतर सगळ्यांचं चर्चच्या तळघरात होतं ते जेवण झालं नाही, म्हणून त्याच्या गोष्टी कुणी सांगितल्याच नाहीत. तिथे तू जी सांगितली असतीस, ती मला लिहून पाठव.’

ऑरविल चाळीस वर्षं गावच्या वाचनालयात होता. पंचाईत तिथेच होती. दुसऱ्यांचं इतकं चांगलं वाचल्यावर स्वतःचं वाक्य कागदावर उतरलं की त्याला ओशाळल्यासारखं व्हायचं. खरं तर तळघरातल्या जेवणांत तो कधी बोललाच नव्हता. कॉफीचा कप धरून भिंतीशी उभा राहायचा. त्याने अकरा मसुदे केले, अकराही फाडले. मग उशीर झाला म्हणून लाज, आणि लाज वाटते म्हणून आणखी उशीर.

आता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्याची बायको मार्लिस नाताळचं पत्र घेऊन बसली होती. वर्षभरात घरात काय घडलं ते एका पानावर लिहायचं, साठ प्रती काढायच्या आणि झाडून सगळ्या नातेवाइकांना धाडायच्या, हा तिचा दरवर्षीचा नेम.

“ऐक,” ती म्हणाली. “‘देवाच्या कृपेने आम्ही सगळे सुखरूप आहोत. नात कर्स्टनची शाळा संपली. समारंभ झाला नाही, म्हणून झगा-टोपी घालून ती घरासमोर उभी राहिली आणि शेजाऱ्यांनी गाड्यांचे हॉर्न वाजवले. नवा नातू झाला, त्याला काचेतून पाहिलं. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. गॅरेजमध्ये खुर्च्या टाकून दोघांनीच केक संपवला.’”

“दोघांनी कुठे? मला एकच तुकडा मिळाला.”

“मग बाकीचा काय खारींनी नेला? गप लेबलं चिकटव.”

पत्त्यांची लेबलं तिने सकाळीच छापली होती. ऑरविल एकेक सोलून पाकिटावर लावत होता. मध्येच त्याचा हात थांबला. लेबलावर लिहिलं होतं : नॉर्मन आणि आर्डिस हाउगेन.

मार्लिसने वाकून पाहिलं. “अरे देवा! गेल्या वर्षीचीच यादी छापली मी. बरं झालं तुझ्या नजरेला पडलं.”

“तिला पाठवूच नये का? ‘सगळे सुखरूप’ वाचून काय वाटेल तिला?”

“नाही पाठवलं तर जास्त लागेल. हातानेच पत्ता घाल. आणि एप्रिलात तू लिहिलंस तिला, ते पोचलं ना?”

ऑरविल लेबलाचा कोपरा नखाने खरवडत राहिला.

“ऑरविल?”

“लिहिलं नाही. म्हणजे, लिहिलं. पाठवलं नाही.”

“आठ महिने?” मार्लिसने चष्मा काढला. “अरे, एकुलता भाऊ तू तिचा. ती काय समजली असेल?”

“नीट जमेना. किरकोळ वाटायचं सगळं.”

“गोष्ट मागितली होती रे तिने. ग्रंथ नव्हता मागितला.”

लेबल त्याने चुरगाळून खिशात टाकलं आणि कोरा कागद ओढला.

‘आर्डिस,’ त्याने लिहिलं, ‘मी फार उशीर केला. एकदा नॉर्मनने मला गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला नेलं होतं. मी बर्फावरच्या खोपटात पुस्तक वाचत बसलो आणि ते हातून निसटून गळ टाकायला पाडलेल्या बर्फातल्या भोकात पडलं. वाचनालयाचं पुस्तक! नॉर्मनने अर्धा तास गळ टाकून ते वर काढलं आणि म्हणाला, आज एवढंच लागलं. मग शेगडीशी ते धरून त्याने एकेक पान वाळवलं. पुढे दर नाताळला विचारायचा, शेवट काय झाला रे त्याचा? मी सांगायला लागलो की तो शेवटपर्यंत ऐकायचा. तसं माझं कुणी ऐकत नाही. मला त्याची आठवण येते. रविवारी फोन करू का?’

“वाच ना मला,” मार्लिस म्हणाली.

“नको. वाचलं की फाडीन.”

त्याने पाकीट बंद केलं, पत्ता फक्त आर्डिसच्या नावाने घातला आणि कोट चढवून रस्त्याकडेच्या घरच्या टपालपेटीपाशी गेला. पत्र आत ठेवून, न्यायचं टपाल आहे हे टपालगाडीला कळावं म्हणून पेटीची लाल झेंडी उभी केली. तरीही माघारी वळेना. पुन्हा काढून नेण्याची बुद्धी होईल, ही त्याला धास्ती.

वीस मिनिटांनी टपालगाडी आली. मास्क लावलेल्या बाईने काच खाली केली.

“इतक्या गारठ्यात काय करताय?”

“राखण,” ऑरविल म्हणाला आणि पेटीतलं पाकीट काढून त्याने तिच्या हातात दिलं.