भोंग्याची कोंबडी

भिमाबाईची तांबडी कोंबडी हरवली होती आणि तशीच एक चार दिवस शेजारच्या कोंडाजीच्या अंगणात बांधलेली होती. मोरिवलीत घराला घर लागून. कोंबडी समोर दिसायची, पण कोंडाजी म्हणायचा, "बदलापूरच्या बाजारातून आणलीय, वहिनी. तांबडी काय जगात एकच असते?"

भिमाबाईची मुलगी पद्मजा उल्हासनगरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. ती म्हणाली, "आई, कारखान्याचा बाराचा भोंगा झाला की तू रोज दाणे टाकतेस ना? मग आता नुसता भोंगा ऐकूनही ती आपल्याच दाराशी येणार. भोंगा आणि दाणे तिच्या डोक्यात एकमेकांना चिकटलेत."

"आणि चार दिवस नुसताच भोंगा ऐकला, त्याचं काय?"

पद्मजाने पुस्तक उघडलं. पुस्तकात तेही होतं. दाण्यांवाचून भोंगा होत राहिला, तर सवय हळूहळू विझते.

तरी कोंडाजीशी पैज ठरली. बाराला कोंबडी सोडायची, जाईल त्या दाराची. साक्षीला सगळे पुरुष घरी हवेत म्हणून शुक्रवार धरला. बारा वाजले, सव्वाबारा झाले. कोंबडी आपली माती उकरत राहिली. भोंगाच नाही! शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून तर पुरुष घरी होते. हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"ठरलं ते ठरलं. माझं दार सोडलं नाही तिने," म्हणत कोंडाजीने कोंबडीकडे हात नेला.

"थांब की जरा!" हिरामण उठला. कारखान्यात भोंगा वाजवायचं काम त्याचंच. त्याने अंगणातलं रिकामं पिंप आडवं केलं, आत तोंड घातलं आणि असा काही आवाज काढला, की झाडावरचे कावळे उडाले.

कोंबडीने मान वर केली. मग पंख फडफडवत कोंबडी सुटली, ती थेट भिमाबाईच्या उंबऱ्यावर.

पण लोक हसत सुटले ते दुसरीकडे बघून. त्याच कारखान्यात फिटर असलेल्या कोंडाजीला रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. तोही भोंग्यासरशी उठून नळाशी गेला होता आणि जेवणासाठी हात धूत होता.

भिमाबाईने पदर तोंडाला लावला. "भोंग्याला धावेल ते माझं, असंच ना भावजी? मग तुम्हीही या. ताट वाढते."

कोंडाजीने ओल्या हातांकडे पाहिलं. "कालवण कशाचं?"

"कोंबडीचं नाही, एवढं नक्की."