कातळाआडचा धबधबा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक. धबधब्याच्या इतका जवळ राहतो की माझ्या पाठीवरचं शेवाळ कधी सुकत नाही. पण खरं सांगू? मी तो धबधबा अजून पाहिलेला नाही.

सुताराने शेवटचा रंधा मारून मला थोपटलं होतं. "मजा आहे बाबा तुझी! रोज धबधबा बघशील." पण मला डोंगरावर आणणारे दोघे हमाल या वळणावर धापा टाकत थांबले.

"इथंच ठेवू."

"अरे, धबधबा खाली आहे, पायऱ्या उतरून!"

"दमलेला माणूस इथंच बसणार. हा बघ, मी बसलोसुद्धा!"

झालं! माझे पाय सिमेंटात रुतले आणि नजरेसमोर कातळ आला. धबधबा त्याच्यापलीकडे.

तेव्हापासून मी नुसता ऐकतो. कुणी म्हणतं, कापूस पिंजल्यासारखा आहे. कुणी म्हणतं, नुसता धूर. एक चिमुरडा म्हणाला, "डोंगर नळ बंद करायला विसरलाय!" मग पाणी दिसतं तरी कसं? पांढरं की निळं? एवढ्या उंचावरून उडी घेताना त्याला भीती वाटत असेल का?

नवा होतो तेव्हा लोक माझं कौतुक करत. पुढे माझ्यावर चाकूने नावं कोरली गेली, एक फळी निखळली. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

दर सुट्टीत एक कुटुंब यायचं. "ताई, तू बस इथं. पिशव्यांकडे बघ," असं म्हणून भाऊ सगळ्यांना घेऊन खाली उतरायचा. मुलांची आत्या पिशव्यांच्या गराड्यात बसून गुणगुणायची,

कानांनी पाहिला बाई, डोंगराचा झरा,
डोळ्यांनी कधी पाहू, सांगा कुणी जरा.

मला वाटायचं, ही माझंच गाणं गातेय.

यंदा ती गुडघे चोळत पुटपुटली, "पुढच्या खेपेला इथवर चढणं काही जमायचं नाही." ऐकून माझ्या फळ्या गलबलल्या.

ती पुन्हा तेच गुणगुणू लागली, तेवढ्यात विसरलेला टॉवेल न्यायला भाची धावत वर आली. गाणं ऐकून थबकली.

"आत्या! तू धबधबा पाहिलाच नाहीस?"

"अगं, पिशव्या कोण सांभाळणार? माकडं टपलीयेत."

"हा बाक सांभाळेल."

"आणि माझे गुडघे?"

"बसत बसत उतरू. मी धरते. ऊठ बघू, नखरे नकोत!"

तिने पिशव्यांचे पट्टे माझ्या हाताला घट्ट बांधले. दोघी कातळाआड दिसेनाशा झाल्या. मी कान टवकारले. बराच वेळ फक्त पाण्याचा घोष. मग त्यातून एक हसू उसळलं. आत्याचं! इतकं मोकळं हसू मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्या नादात एक माकड केळी घेऊन गेलं. काय करणार? राखणीचं काम मला नवंच होतं.

आत्या परतली ती नखशिखांत भिजून. माझ्यावर टेकली आणि तिच्या कपड्यांतलं गार पाणी माझ्या भेगाभेगांत झिरपलं. त्याला ओल्या दगडाचा वास होता. अच्छा, हा असा आहे होय तो!

"ताई, केळी कुठं गेली?" भाऊ पिशवी चाचपत म्हणाला.

"बाकाला विचार!"

भाची तिला बिलगली. "आत्या, सांग ना, कसा होता?"

आत्याने डोळे मिटले होते. "थांब गं," ती म्हणाली, "अजून बघतेय मी."

मित्रांनो, माझी निखळलेली फळी कुणी ठोकून दिली तर बरंच होईल. पण त्याआधी एक करा. तुमच्या पिशव्या राखत कुणी मागे बसलं असेल, तर त्याला हात द्या आणि खाली न्या. पिशव्या खुशाल माझ्यापाशी ठेवा.

केळी मात्र सोबत न्या.