आठशे फुटांवरचा जबाब

ठिणगीने डूख धरला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, आणि बारा वर्षं तिने तो असा जपला की सख्ख्या भावालाही त्याचा वास आला नाही. ठिणगी हे नाव त्याच भावाने ठेवलेलं. दादा फ्लाइंग क्लबात विमानांच्या इंजिनांचा मेकॅनिक होता. ही लहानपणी त्याच्या मागे मागे हँगरात जायची आणि प्लगमधली ठिणगी येते कुठून, हे दिवसातून दहा वेळा विचारायची.

"मॅग्नेटोतून," दादा सांगायचा. "एका इंजिनाला दोन असतात. एकाने दगा दिला तर दुसरा आहे, आणि बॅटरी मेली तरी दोघांना काही फरक पडत नाही. माणसांत असं कुणी भेटलं तर मलाही सांग."

मग तो अपघात झाला. सकाळ दमट होती, गार होती. क्लबाचा कप्तान एका शिकाऊ मुलीला घेऊन उडाला, आणि उतरायच्या वेळी इंजिन गेलं. विमान धावपट्टीच्या अलीकडच्या शेतात आदळलं. कप्तानाच्या खांद्याचं हाड मोडलं. मुलगी गेली.

त्या इंजिनावर दोनच दिवसांपूर्वी दादाने कार्बोरेटर बसवला होता. चौकशीत कप्तान हात गळ्यात बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "गरम हवेची मूठ मी पूर्ण ओढली होती. काही उपयोग झाला नाही. कार्बोरेटरच नीट बसवलेला नव्हता."

दादाने परोपरीने सांगून पाहिलं. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, पेट्रोलची वाफ होते आणि ती वाफ आतली सगळी ऊब ओढून घेते. बाहेर पंधरा अंश असले तरी आत बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. म्हणून तर ती मूठ असते. ती ओढली की धुराड्याच्या नळीभोवती तापलेली हवा आत येते आणि बर्फ वितळतो. मग मूठ आत ढकललेली का सापडली? "आदळताना गेली असेल," कप्तान म्हणाला. आणि बर्फ? तो रुग्णवाहिका पोचायच्या आतच पाणी होऊन मातीत जिरला होता. पुरावाच वितळला, तिथे दादाचं कोण ऐकणार?

दादाचं लायसन्स गेलं. तो शिलाई मशिनं दुरुस्त करू लागला. एवढं झालं असतं तर कदाचित ठिणगीने सोडूनही दिलं असतं. पण वर्ष-दोन वर्षांनी एकदा जेवताना दादा हातातला घास तसाच धरून म्हणाला, "कार्बोरेटरमधल्या फ्लोटची पिन माझ्याकडूनच बसवायची राहिली असेल गं. ती पोरगी माझ्यामुळे गेली असेल." चोराच्या उलट्या बोंबा ऐकून ऐकून सावच स्वतःला चोर समजायला लागला होता. हे मात्र तिने कप्तानाला माफ केलं नाही.

ती दुसऱ्या शहरात शिकली, मेकॅनिकचं लायसन्स मिळवलं, आणि मुद्दाम त्याच क्लबात नोकरीला आली. कप्तान आता तिथला सर्वेसर्वा होता. त्याने तिला ओळखलंही नाही. चार वर्षं ती त्याच्या हातात विमानं देत राहिली. एखादा नट अर्धा फेरा सैल सोडावा, असं मनात आलं नाही असं नाही. पण दादाने वळण लावलेले हात त्याला तयार होईनात. शिवाय विमान पडलं असतं तर कप्तान हुतात्मा झाला असता आणि पुन्हा एका मेकॅनिकच्या गळ्यात फास अडकला असता. तिला तो मेलेला नको होता. बोललेला हवा होता.

संधी आली ती ओव्हरहॉल केलेल्या इंजिनाच्या चाचणीत. अशा उड्डाणाला शेजारी मेकॅनिक बसतो आणि तेलाचा दाब, सिलेंडरचं तापमान, इंजिनाचे फेरे लिहून घेतो. दिवस ठरवणं तिच्याच हातात होतं. दोन लख्ख, कोरड्या सकाळी तिने काही ना काही सांगून घालवल्या. तिसऱ्या दिवशी धुकं नुकतंच वर गेलं होतं आणि गवताने तिचे बूट घोट्यापर्यंत भिजवले. "आज होऊन जाऊ दे, कप्तान," ती म्हणाली.

वर सगळं उत्तम होतं. चारही सिलेंडर सुरात चालले होते. कप्तान स्वतःच्याच गप्पांत रमला होता. उतरायला लागला तेव्हा त्याने थ्रॉटल मागे घेऊन इंजिनाचा जोर कमी केला, पण गरम हवेच्या मुठीला हात लावला नाही. तो कधीच लावत नसे. ती म्हणे नवशिक्यांची कामं.

फेऱ्यांचा काटा शंभराने उतरला. मग आणखी शंभराने. ठिणगीने ते पाहिलं आणि तोंडातून अक्षर काढलं नाही.

कप्तानाला कळलं तेव्हा इंजिन खोकायला लागलं होतं. त्याने थ्रॉटल पुढे रेटला, तसं ते आणखीच गुदमरलं. "काय करून ठेवलंयस याचं?" तो ओरडला. "तुम्हा लोकांना साधं इंजिन जोडता येत नाही!"

आरोप तोच होता. फक्त समोरचा मेकॅनिक बदलला होता.

तेवढ्यात तिचं लक्ष रेडिओकडे गेलं. कप्तानाने विमान वळवायचा दांडा इतका आवळून धरला होता की त्याचा अंगठा दांड्यावरच्या रेडिओच्या बटणावर दाबला गेला होता. आवाज बाहेर जातोय हे दाखवणारं रेडिओवरचं बारीक अक्षर पेटलं होतं. आतला प्रत्येक शब्द टॉवरला ऐकू जात होता, आणि क्लबाच्या वर्गातल्या स्पीकरवर सगळ्या शिकाऊंनाही. आयतं ताट समोर आलं होतं.

"मूठ ओढा, कप्तान," ती शांतपणे म्हणाली.

त्याने ओढली. इंजिन भयंकर खडखडलं, कारण वितळलेलं पाणी आधी इंजिनाच्याच घशात जातं. कप्तानाने घाबरून मूठ लगेच आत ढकलली.

"का ढकललीत?"

"ओढली की जास्त बिघडतंय! तेव्हाही असंच झालं होतं!"

उंची आठशे फूट.

"तेव्हा म्हणजे कधी?"

"त्या मुलीच्या वेळी! ओढली तर बंदच पडायला लागलं, म्हणून ढकलली परत! अगं, विमान पडतंय!"

"म्हणजे कार्बोरेटर चांगला होता?"

"होता, चांगला होता! काहीतरी कर!"

सातशे. धुराडं अजून तापलेलं आहे, आणखी थांबलं तर गरम हवाही उरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मूठ तिने पूर्ण ओढली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. इंजिन आचके देत राहिलं. कप्तान तिचं मनगट पकडायला आला, तेव्हा तिने कोपराने त्याला दूर लोटलं. पाच, सात, दहा सेकंद गेले. मग इंजिनाने पाणी गिळलं, घसा मोकळा झाला आणि काटा सरसर वर चढला.

"अंगठा काढा आता," ती म्हणाली. "टॉवर मघापासून ऐकतोय."

कप्तानाने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा ज्या क्रमाने उतरत गेला, तो पुढे कितीतरी दिवस तिने झोपण्यापूर्वी सावकाश आठवला. अजिबात लाज न वाटता.

चौकशी पुन्हा उघडली. "भीतीने माणूस काहीही बरळतो," कप्तान म्हणाला. त्या मुलीचे वडील पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारायची परवानगी घेतली. "मूठ धरून ठेवली असती, तर इंजिन सुरळीत व्हायला किती वेळ लागला असता?"

कप्तानाने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी उत्तर द्यायला लावलं.

"दहा-बारा सेकंद."

वडिलांनी मान हलवली आणि खाली बसले. कप्तानाला वर पाहवेना. त्याचं लायसन्स गेलं, पद गेलं, क्लबाच्या भिंतीवरचा फोटोही गेला. फोटोच्या जागी भिंतीच्या मूळ रंगाचा चौकोन तेवढा उठून दिसत राहिला.

ठिणगीही सुटली नाही. "तुम्ही मूठ आधीच का ओढली नाहीत?" अध्यक्षांनी विचारलं.

"मला उत्तर हवं होतं."

"पश्चात्ताप होतो का?"

"नाही."

तिचं लायसन्स एक वर्ष स्थगित झालं. तिने कागदावर सही केली आणि घर गाठलं.

दादा शिलाई मशीन उघडून बसला होता. सगळं ऐकल्यावर तो आधी भडकला. "सातशे फुटांपर्यंत हात बांधून बसलीस? मी हे शिकवलं तुला? इंजिनच भानावर आलं नसतं म्हणजे?"

"आलं ना."

"गाढव आहेस." त्याने स्क्रू-ड्रायव्हर ठेवला, पुन्हा उचलला. मशिनाचा एक स्क्रू त्याने उगाच आवळला. मग खाली मान घालूनच म्हणाला, "चांगला होता म्हणाला?"

"म्हणाला."

"नक्की काय म्हणाला?"

ठिणगी त्याच्यासमोर फरशीवर बसली आणि कप्तानाच्या आवाजात, त्याच्या भीतीसकट, पहिल्यापासून सांगू लागली. संपलं तसं दादाने डोळे पुसले आणि म्हणाला, "परत सांग."