मोबाईल झालेला कॉम्प्युटर

"माय, नई उघडत ना हाई! ‘फक्त मोबाईलवर पाहा’ असंच सांगी ऱ्हायनं," छगनने कपाळाला हात लावला.

लोणखेड्यातल्या त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात जत्रा भरली होती. छगनची लेक नूतन राज्याच्या खो-खो संघातून खेळणार होती आणि सामना एका वेबसाईटवर थेट दिसणार होता. फोनवर तो दिसतही होता. पण छगनच्या आईला, पार्वतीबाईंना मोतीबिंदू. फोनमधली नात त्यांना मुंगीएवढीसुद्धा दिसेना. म्हणून तर त्यांना दुकानातल्या मोठ्या पडद्यासमोर आणून बसवलं होतं.

शेजारचा मोबाईल दुरुस्तीवाला इद्रिस पुढे सरकला. "छगनभाऊ, साईट पहिले इचारस, तू कोण शे? मी ब्राउझरमा एक एक्स्टेंशन टाकस. ते सांगी, मी मोबाईल शे."

"म्हणजे खोटं?" छगन बिचकला. माणूस धुतल्या तांदळासारखा. झेरॉक्स जरा पुसट आली तरी गिऱ्हाइकाला आपणहून दुसरी काढून द्यायचा. "आनि मंग बँकले, कॉलेजले, सगळासलेच खोटं सांगत ऱ्हाई ते?"

"नई रे भाऊ. या एकच साईटनं नाव टाकसूत. बाकीसले खरंच सांगी."

तरी छगनची मान हलेना. तेव्हा पार्वतीबाई कडाडल्या. "कळसाडीले मीनाकडे जास, तवय काय सांगस रे तू? जेवी उनू! अन् पोटमा कावळा वरडतस. तिन्हा घर तंगी शे म्हनीसन ना? दुसरा कोना घर सांगस का असं?"

दुकान खो खो हसलं. विधवा बहिणीच्या, मीनाच्या दारातली ती ‘जेवून आलो’ची थाप माय इतकी वर्षं ओळखून होती! छगन लाजला, हसला आणि माऊस इद्रिसच्या हाती देऊन मोकळा झाला.

इद्रिसने एक्स्टेंशन टाकलं, त्यात तेवढ्या साईटचं नाव भरलं आणि पान पुन्हा उघडलं. पडदाभर मैदान!

"ती दखा नूतन! पय बेटा, पय!" छगन स्टुलावर चढून ओरडू लागला. सगळं दुकान त्याच्यामागे ओरडू लागलं.

"गप ऱ्हाय," पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांचं नाक पडद्याला टेकायचंच बाकी होतं. "ती नई. ती तिकडली, खांबजोडे. डावा खांदा पाडीसन पयस ती. तुन्हा बाप असाच पये."

तिकडची पोर खांबाला वळसा घालून तोंडासमोर आली. नूतनच होती.

छगन स्टुलावरून उतरला. मायच्या शेजारी जमिनीवर बसला आणि त्या डाव्या खांद्याकडे बघत राहिला.